आधी पसारा

माझा आवाज मोठा आहे. मी तिसऱ्या मजल्यावरून "ए!" म्हटलं की पटांगणातली कबुतरं उडतात, असं आमचे हेडसर सगळ्यांना सांगतात आणि वर हसतात. हसू देत. सातवीच्या पोरांना निबंध शिकवून बघा म्हणावं एकदा. लिहायला सांगितलं की सगळी वहीकडे टकामका बघत बसतात, जणू वहीच आता काहीतरी बोलणार आहे. "बाई, सुचत नाही." "बाई, सुरुवात काय करू?" अरे, सुचत नाही म्हणजे काय? डोक्यात काय भुसा भरलाय?

भुसा नसतो, हे मला पुष्कळ वर्षं ओरडून झाल्यावर कळलं. डोकं खच्चून भरलेलं असतं, पण सगळं एकात एक गुंतलेलं. म्हणून मी माझी एक पद्धत काढली. आधी पसारा, मग आवराआवर. फळ्यावर मोठा गोल काढायचा, विषय मध्ये लिहायचा आणि ज्याच्या मनात जे येईल ते त्याने सांगायचं. वेडंवाकडं, खुळचट, काहीही चालेल. एकाचं चाललं असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, विचार तुटतो. मी भराभर लिहीत जाणार. मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पहिलं काय, मधलं काय, शेवटचं काय. सुरुवातीला जागा आणि वेळ. मध्ये कुठेतरी एक आवाज नाहीतर एक वास, म्हणजे वाचणाऱ्याला खरं वाटतं. शेवटी छोटंसं काहीतरी, लक्षात राहील असं. आणि सगळं जुळून आलं की मी विचारते, "आता सांगा, गाळलं काय?" कारण पुष्कळदा जे बाहेर राहतं त्यातच खरा माल असतो.

पोरांना हे इतकं आवडलं की मधल्या सुट्टीत खेळ कुठला खेळायचा, हेसुद्धा ती पसारा काढून ठरवायला लागली. मला हसू यायचं. आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटायचा.

त्या वर्गात माझी स्वतःची लेक आहे. घरी मी आई, शाळेत बाई. घरी तिचं कपाट उघडा, कपडे अंगावर कोसळतील. पण फळ्यावरचा पसारा आवरायला तिला पुढे बोलावलं, की ती एकेक शब्द असा रांगेत लावते की मीच बघत राहते. तिची टोळी ठरलेली. एक चष्मिष, ज्याच्या चष्म्याची काडी कायम चिकटपट्टीने बांधलेली. एक लांब्या, ज्याला बाकाखाली पाय कुठे घालावेत ते कधीच कळत नाही. एक रेडिओ, ती मुलगी झोपेतही बोलत असणार. आणि या चौघांच्या मागे मागे असायची मुंगी. वर्गात सगळ्यात लहानखुरी, म्हणून मुंगी. वडील नाहीत. आई बसमध्ये कंडक्टर.

त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात गेले तर मुंगीचा बाक रिकामा. दप्तर तिथेच, डबा तिथेच.

"ही कुठे उलथली?" मी म्हटलं.

माझ्या लेकीने पुस्तकातून मान वर न करताच सांगितलं, "माहीत नाही, बाई."

मी शिकवायला लागले. येईल आपली आपण, म्हटलं. तास संपला तरी ती आली नाही तेव्हा मी शिपायाला पाठवलं. मग स्वतः गेले. स्वच्छतागृहं बघितली, गच्ची बघितली, प्रयोगशाळेतली कपाटांमागची जागा बघितली, स्टेजखाली वाकून बघितलं. शिपाई मागच्या अंगणातही जाऊन आला. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवर उभं राहून त्याने चार हाका मारल्या, असं त्याने मला नंतर सांगितलं.

हेडसरांनी मुंगीच्या आईला फोन केला. कंडक्टरबाई तशाच गणवेशात आल्या, गळ्यात तिकिटाचं मशीन लटकतंय, बस अर्ध्या रस्त्यात दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली. त्या रडत नव्हत्या. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "ती न सांगता कुठे जात नाही हो. दुकानातसुद्धा सांगून जाते." मग पोलिसांना बोलावलं.

इन्स्पेक्टर तरुण होता, पण बोलायला बरा. सुट्टीत ती कुणाबरोबर होती, असं त्याने विचारलं आणि सगळ्या वर्गाने या चौघांकडे बोट दाखवलं. हेडसरांच्या खोलीत एकेकाला बोलवायचं ठरलं. "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे, जबाब तुम्ही लिहून घ्या," हेडसर म्हणाले. मी टेबलाच्या कोपऱ्याशी बसले.

पहिला आला लांब्या. छताकडे बघत त्याने सांगितलं, "मधली सुट्टी संपत आली होती. मागच्या गेटपाशी कडक ऊन होतं. तेवढ्यात एक राखाडी व्हॅन आली. तिला डिझेलचा वास येत होता. एक काका उतरले. म्हणाले, चल, तुझ्या आईने बोलावलंय. मुंगी गाडीत बसली. गाडी गेली तेव्हा तिने काचेतून हात हलवला."

कंडक्टरबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. इन्स्पेक्टर लगेच फोनकडे धावला. राखाडी व्हॅन, मागचं गेट, मोठ्या रस्त्याकडे. मग चष्मिष आला, त्यानेही तेच सांगितलं. फक्त काकांना मिशी होती, एवढं जास्त.

"काय मुलं आहेत तुमची!" इन्स्पेक्टर मला म्हणाला. "मोठी माणसं आमच्यापुढे त-त-प-प करतात. ही पोरं बघा, कसं लागोपाठ सांगतात."

आणि मला, काय सांगू, क्षणभर बरं वाटलं. माझी पोरं. मी शिकवलेली पोरं.

तिसरी आली रेडिओ. या मुलीला "आज डब्यात काय?" असं विचारलं तर ती मामाच्या लग्नापासून सुरुवात करते. ती रेडिओ हात जोडून उभी राहिली आणि सरळ रेषेत बोलायला लागली. मधली सुट्टी संपत आली होती. मागच्या गेटपाशी कडक ऊन होतं. मी लिहीत होते. तिने "व्हॅन आली" म्हटलं आणि थुंकी गिळायला थांबली. मी खाली पाहिलं तर माझ्या पेनने पुढचं वाक्य लिहूनही टाकलं होतं. डिझेलचा वास.

सुरुवातीला जागा आणि वेळ. मध्ये एक वास. शेवटी छोटंसं काहीतरी. अहो, तीन मुलं तीन ठिकाणी उभी असतात. एकाला गाडी दिसते, एकाला काकांच्या चपला, तिसरा नाकात बोट घालत असतो. तिघांना एकच वास एकाच जागी येईल कसा? हा जबाब नव्हता. हा निबंध होता. पसारा काढून, आवरून, नीट पाठ केलेला.

चौथी माझी लेक, मघाशी "माहीत नाही, बाई" म्हणणारी. ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. आवाज स्वच्छ, वाक्य एकही इकडचं तिकडे नाही. "गाडी गेली तेव्हा तिने काचेतून हात हलवला," ती म्हणाली. तो शेवट तिचाच होता. नऊ महिने पोटात बाळगलंय मी तिला, तिचा शेवट मला ओळखू येणार नाही?

मग दुसरी भीती आली, ती पहिलीपेक्षा वाईट. बारा वर्षांची चार पोरं बसून एवढं खोटं का रचतील? मुंगी कुठे आहे ते त्यांना माहीत असणार. आणि जे माहीत आहे ते तोंडातून काढता येत नाही, असं काहीतरी ते असणार. काय केलंय यांनी? काय केलंय माझ्या पोरीने?

इन्स्पेक्टर टोपी घालून निघाला. सगळे मोठ्या रस्त्याकडे धावणार, राखाडी व्हॅनी अडवणार, डिक्क्या उघडणार. साप साप म्हणून भुई धोपटणार. त्याला थांबवायला मी तोंड उघडलं आणि माझा तो कबुतरं उडवणारा आवाज आलाच नाही. खरं ते सांगते. मी घाबरले होते आणि मुंगीसाठी नाही. माझ्या लेकीला हे लोक कुठे नेतील, तिला काय काय विचारतील, तिला लोक काय म्हणतील, हेच आधी मनात आलं. समोर कंडक्टरबाई बसल्या होत्या, आणि मी माझ्या पोरीचा विचार करत होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, ती काचेतून हात हलवणार नाही हो," त्या म्हणाल्या. "गाडीत तिला मळमळतं. माझ्या बसमध्येसुद्धा ती डोळे मिटून, दांडा धरून बसते."

मग मात्र मला आवाज फुटला. "साहेब, थांबा. हे खरं नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे व्हॅन नाही. काका नाही. ही पोरं खोटं बोलताहेत. मला त्यांच्याशी बोलू द्या."

इन्स्पेक्टरने माझ्याकडे, मग हेडसरांकडे पाहिलं. हेडसर म्हणाले, "बाई, तुमची स्वतःची मुलगी आहे त्यात!" मी म्हटलं, "म्हणूनच सांगतेय ना!" इन्स्पेक्टरने खांदे उडवले. त्याला गाड्या सोडायच्या नव्हत्या. एक हवालदार मागे ठेवून तो निघून गेला.

चौघांना मी सातवीच्या वर्गात नेलं. शाळा सुटली होती, बाक रिकामे, खिडकीतून तिरपं ऊन आत आलेलं. कंडक्टरबाई मागोमाग आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. त्यांना बाहेर थांबा म्हणायची माझी छाती झाली नाही.

आधी मी जे मला येतं तेच केलं. ओरडले. "खरं सांगा! कुठे आहे ती? एकेकाची चामडी लोळवीन!" काचा हादरल्या असतील. चष्मिषची बोबडी वळली, आणि त्या वळलेल्या बोबडीतूनच तो पुटपुटायला लागला, "मधली सुट्टी संपत आली होती. मागच्या गेटपाशी कडक ऊन होतं..."

ते पोर खोटं बोलत नव्हतं आता, त्याला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. पाठ झालेलं तेवढंच उरलं होतं. मी लेकीकडे वळले. हात उगारला होता मी, झाकत नाही. ती मागे सरली नाही, मारच खायचा असल्यासारखी गाल पुढे करून उभी राहिली. माझा हात आपोआप खाली आला.

हातात खडू होता. कधी उचलला, आठवत नाही. मी फळ्याकडे गेले आणि मोठा गोल काढला. मध्ये काही लिहिलं नाही.

"पसारा काढू," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "वाक्य नको. नुसता एकेक शब्द. कुणी काय म्हटलं, मी विचारणार नाही. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते. गोष्टीत जे आहे ते नको, ते मला पाठ झालंय. तुम्ही गाळलं काय, ते सांगा."

मी पाठ फिरवली. फळ्यावर माझी सावली पडली होती. मागे कुणीतरी नाक ओढत होतं. दारातून कंडक्टरबाईंचा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, गेलं, हे शेवटचं होतं, आता काही उरलं नाही.

"गार," कुणीतरी म्हणालं. रेडिओ असावी.

मी लिहिलं. गार. भर उन्हात गार काय?

"घुमतं."

लिहिलं.

"निसरडं."

"अंधार."

मग मोठा हुंदका आणि लांब्याचा फुटका आवाज, "शिडी! शिडी माझ्या हातून सुटली, बाई! मी मुद्दाम नाही केलं!"

माझ्या हातातला खडू मोडला. गार, घुमतं, निसरडं, अंधार, शिडी. शब्द समोर होते आणि माझं डोकं ते लावेना. दुसऱ्या कुणाचे असते तर पटकन लावले असते. तेवढ्यात खिडकीशेजारच्या भिंतीतला पाइप खडखडला. आधी हवा फुसफुसली, मग आतून गुडगुड आवाज आला. रोज संध्याकाळी येतो तसाच.

"हे काय वाजतंय?" माझ्या लेकीने विचारलं. बाई नाही, आई नाही, नुसतं विचारलं.

"पाणी आलं. टाकी भरायला..." मी बोलता बोलता थांबले. सकाळपासून टाकी उपसून घासायला माणसं आली होती. दुपारपर्यंत ती रिकामी करून, शिडी आतच ठेवून माणसं जेवायला गेली, ती परत आलीच नव्हती. आणि पाणीवाला संध्याकाळी येतो, भिंतीतला कॉक फिरवतो, टाकीचं झाकण तो कधीच उघडत नाही. पाणी पाइपातून आतल्या आत पडतं.

मी वळले. लेक पांढरीफटक पडली होती.

"झाकण," ती म्हणाली. "झाकण आम्ही लावलं."

कंडक्टरबाई दारात नव्हत्या. त्यांचे बूट जिन्यावरून खाली धडधडत जात होते.

मी कशी उतरले, माहीत नाही. खिडकीतून आधी ओरडले, एवढं आठवतं. "पाणी बंद करा! कॉक बंद करा!" मागच्या अंगणात पाणीवाला विडी ओढत उभा होता. तो दचकून कॉकला लोंबकळला. कंडक्टरबाई गुडघ्यावर बसून टाकीचं लोखंडी झाकण नखांनी ओढत होत्या. ते हलेना. हवालदार, मी, लांब्या, चष्मिष, सगळ्यांनी बोटं घातली. झाकण कुरकुरत बाजूला सरकलं आणि आतून गार, कुबट हवा तोंडावर आली.

आत काही दिसत नव्हतं. पाणी हलत होतं, तेवढा काळा चमकता तुकडा. पाइपातून शेवटचे थेंब पडत होते, टप, टप, आणि ते खाली घुमत होते. कंडक्टरबाईंनी हाक मारली. मुंगीचं खरं नाव घेऊन मारली. उत्तर नाही.

आम्ही सगळे वाकून बघत होतो. माझी लेक माझ्या पदराला धरून होती आणि पुटपुटत होती, "मेली ना ती? मेली ना? तेव्हाच मेली होती ना?" मी तिला गप्प बस म्हटलं नाही. माझ्याही मनात तेच होतं.

कंडक्टरबाईंनी गळ्यातलं तिकिटाचं मशीन काढून माझ्या हातात दिलं, जपून ठेवायला सांगावं तसं. आणि उडी मारली. पाणी उडालं, आपटल्याचा आवाज आला, मग पाण्यात चाचपडल्याचा. मग त्यांचा आवाज, अख्ख्या टाकीत घुमणारा, "आहे! आहे माझी! धरलीय मी! शिडी आणा!"

व्यायामशाळेतली शिडी येईपर्यंत मी टाकीच्या काठावर पालथी पडून होते. मुंगी कोपऱ्यात, त्या पडलेल्या शिडीच्या टोकाला बिलगून उभी होती. पाणी तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. मनगट सुजलेलं, कपाळावर रक्त सुकलेलं. दात इतके वाजत होते की हाकेला ओ देता आली नव्हती. वर काढली तेव्हा ती हलकी लागली हाताला, ओल्या कपड्यांसकट.

मग सगळं बाहेर आलं, वेडंवाकडं, न आवरलेलं. सुट्टीत पाचही जणं उघड्या टाकीत घुमणारा आवाज ऐकायला गेली. शिडी होतीच. मुंगी खाली उतरली. लांब्याला गंमत सुचली, शिडी वर ओढून तिला जरा घाबरवू. अर्ध्यावर आली आणि हातातून सुटली. ती मुंगीच्या डोक्यावर पडली. हाका मारल्या, उत्तर नाही. वरून पाहिलं, हालचाल नाही. त्यांच्या मते ती मेली होती. मग ती चौघं टाकीच्या काठाशी बसली. कुणी रडत होतं, आणि माझी लेक म्हणाली, आपण पसारा काढू.

त्या संध्याकाळी मीच तिला इन्स्पेक्टरपुढे घेऊन गेले. तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं, अडखळत, मागचं पुढे, पुढचं मागे. त्याने दोनदा विचारलं, "आधी काय झालं?" आणि तिला सांगता येईना. मी बाजूला बसले होते. मला वाटलं, असंच सांगत राहा, बाळ, असंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. जावं की न जावं, यावर घरात बरीच रडारड झाली होती. लेक म्हणत होती, "मुंगी माझं तोंडसुद्धा बघणार नाही." मी म्हटलं, "नाही बघितलं तर नाही. तू तिचं बघ." मुंगीच्या हाताला प्लास्टर, कपाळाला पट्टी. कंडक्टरबाई स्टुलावर बसून होत्या. त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. उठून जा, असंही म्हणाल्या नाहीत. माझ्यासाठी तेच फार होतं.

लेक पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. पाठ करून आलेलं सगळं विसरली. शेवटी रडत रडत तिने एवढंच विचारलं, "आम्ही किती हाका मारल्या गं. तू एकदासुद्धा ओ का नाही दिलीस?"

"तेव्हा मला कळतच नव्हतं काही," मुंगी म्हणाली. "मग कळायला लागलं. तुम्ही वर बोलत होतात ते ऐकू येत होतं. पहिलं काय, मधलं काय, शेवटी काय."

लेकीचं रडणं एकदम थांबलं. "तू ऐकत होतीस?"

"हो ना. मला वाटलं, मला बाहेर कसं काढायचं ते ठरवताय." मुंगीने माझ्याकडे बघितलं. "म्हणून झाकण लागेपर्यंत मी गप्प बसले. मग ओरडले, पण आवाज आतल्या आतच घुमत राहिला. पसारा निघत असताना मध्ये कुणी बोलायचं नाही ना, बाई? नाहीतर दुसऱ्याचा विचार तुटतो. तुम्हीच सांगता."

सांगते मी. रोज सांगते. खडू फळ्यावर आपटून सांगते. कंडक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मला वर बघवेना.

मी पलंगावर, तिच्या अगदी जवळ बसले. "बोलायचं," मी म्हटलं. "ऐकतेयस ना? मध्ये बोलायचं. कुणी गप्प बस म्हटलं तरी बोलायचं. मी म्हटलं तरी. बोंबलायचं, बाळा, जीव खाऊन बोंबलायचं."

तिने मान डोलावली. "बरं, बाई," ती म्हणाली, आणि ते तिने इतक्या हळू म्हटलं की ऐकायला मला वाकावं लागलं.